एक रस्ता, अनेक शर्यती

या मालेत आपण 'न्याय' या कल्पनेभोवती फिरतो आहोत. आज तीच कल्पना एका वेगळ्या ठिकाणी शोधायची आहे, मोटारींच्या शर्यतीत. काहींना आश्चर्य वाटेल, पण आम्हा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना उदाहरणं हवी असतात, आणि फ्रान्समधल्या ल मां शहराजवळ होणारी चोवीस तासांची शर्यत हे न्यायाच्या प्रश्नाचं शंभर वर्षं चाललेलं उदाहरण आहे.

आधी ही शर्यत काय आहे ते समजून घेऊ. २०२३ साली तिला शंभर वर्षं झाली, तेव्हा ६२ गाड्या धावल्या. बहुतेक सगळ्या तीन गटांत विभागलेल्या होत्या. सगळ्यात वर हायपरकार, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या. मधे एलएमपी-टू नावाचा गट, त्याही शर्यतीसाठीच्याच, पण खर्चाला आणि ताकदीला लगाम घातलेल्या. आणि खाली जीटी, म्हणजे दुकानात विकत मिळणाऱ्या वेगवान गाडीपासून तयार केलेल्या. एकेक गाडी तीन चालक आळीपाळीने चालवतात. खालच्या गटात तर हौशी चालक असावा लागतो, म्हणजे ज्याचं पोट शर्यतीवर नाही असा माणूस.

आता गंमत बघा. या तिन्ही गटांची शर्यत एकाच वेळी, एकाच रस्त्यावर होते. एक फेरी साधारण साडेतेरा किलोमीटरची, त्यातला बराचसा भाग एरवी वाहतुकीचा साधा रस्ता. हायपरकार ही फेरी साडेतीन मिनिटांच्या आसपास मारते, जीटीला चारच्या जवळ जातात. म्हणजे साधारण दर अर्ध्या तासाने प्रत्येक मोठी गाडी प्रत्येक लहान गाडीला गाठते आणि ओलांडते. दिवसा, रात्री, पावसात, चोवीस तास. शेवटी प्रत्येक गटाचा विजेता वेगळा, प्रत्येकाचा सत्कार वेगळा.

यातून दोन प्रश्न निघतात. जे मुळात बरोबरीचे नाहीत, त्यांच्यातली स्पर्धा न्याय्य कशी करायची? आणि जे बरोबरीचे नाहीत, त्यांनी एकाच रस्त्यावर राहायचं कसं? हे दोन प्रश्न एकच आहेत असं वरवर वाटतं. ते एक नाहीत, हे सांगण्यासाठीच आजचं व्याख्यान आहे.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. १९२२ साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात तीन माणसांची भेट झाली. पश्चिम फ्रान्समधल्या मोटार क्लबचे सचिव जॉर्ज द्युरां, पत्रकार शार्ल फारू, आणि रज-व्हिटवर्थ या चाकं बनवणाऱ्या कंपनीचे फ्रान्समधले प्रतिनिधी एमील कोकिय. त्या काळातल्या बड्या शर्यतींमध्ये खास बांधलेल्या गाड्या काही तास पळायच्या आणि गिऱ्हाईक जी गाडी विकत घेणार, तिच्याबद्दल त्यातून फारसं काही कळत नसे. या तिघांना परीक्षा घ्यायची होती ती विकाऊ गाड्यांची. रात्री दिवे टिकतात का, इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू होतं का, खराब रस्त्यावर गाडी खिळखिळी होते का?

२६ आणि २७ मे १९२३ रोजी पहिली शर्यत झाली. ३३ गाड्या निघाल्या. सुरुवातीलाच गारांचा पाऊस. रस्ता खडीचा. चीनमध्ये जन्मलेले जॉन डफ आणि त्यांचे जोडीदार फ्रँक क्लेमंट बेंटली गाडी चालवत होते. उडालेल्या दगडाने तिच्या इंधनाच्या टाकीला भोक पडलं आणि गाडी वाटेतच थांबली. डफ पायी परत आले. मग क्लेमंट इंधनाचे डबे घेऊन सायकलवरून गाडीपर्यंत गेले, भोक बुजवलं आणि गाडी पुन्हा शर्यतीत आणली. त्या दिवसांतली शर्यत म्हणजे असा सगळा मामला होता. ३३ पैकी ३० गाड्या शेवटपर्यंत टिकल्या. सर्वात जास्त अंतर कापलं ते आंद्रे लगाश आणि रेने लेओनार यांच्या शनार-वॉकर गाडीने, सुमारे २,२०९ किलोमीटर.

आज सगळीकडे त्यांना 'पहिले विजेते' म्हणतात. पण त्या वर्षी सर्वाधिक अंतराला अधिकृत विजेतेपद नव्हतंच! नियम असा होता की प्रत्येक गाडीला तिच्या इंजिनाच्या आकारानुसार एक ठराविक अंतर नेमून दिलेलं. मोठ्या इंजिनाला मोठं, लहानाला लहान. गाडीने आपलं अंतर गाठलं की ती पुढच्या वर्षासाठी पात्र, आणि चषकाचा निकाल तीन वर्षांच्या कामगिरीवर. थोडक्यात, तुझी शर्यत शेजाऱ्याशी नाही. तुझ्याकडून जी अपेक्षा आहे, तिच्याशी आहे.

इथे आम्हाला अ‍ॅरिस्टॉटल आठवतो. 'निकोमाखियन एथिक्स'च्या पाचव्या भागात तो न्यायाची चर्चा करतो. वाटपातला न्याय म्हणजे सगळ्यांना सारखं देणं नव्हे, तर प्रमाणात देणं, असं त्याचं म्हणणं. समानांना असमान किंवा असमानांना समान वाटा मिळाला की भांडणं सुरू होतात. द्युरां आणि मंडळींनी अ‍ॅरिस्टॉटल वाचला होता की नाही हा मुद्दा नाही. त्यांनी जे केलं ते हेच, मोजपट्टी माणसागणिक, म्हणजे इथे इंजिनागणिक, बदलली.

पण लोकांना हे पचलं नाही. तीन वर्षं निकालाची वाट कोण बघणार? मुदत दोन वर्षांवर आली, आणि काही वर्षांतच 'सर्वाधिक अंतर कापणारा तो विजेता' हा साधा हिशेब वरचढ ठरला. प्रमाणाचा हिशेब मात्र मेला नाही. तो 'कामगिरीचा निर्देशांक' या नावाने पुढे चालू राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या विजयाचा मान बहुतेक जॅग्वार, फेरारी अशा परदेशी गाड्यांना मिळत होता; फ्रेंचांकडे होत्या चिमुकल्या पानार इंजिनांच्या गाड्या. त्या शर्यतीत कुठेतरी खाली येत, पण निर्देशांकात पहिल्या. इंग्रज कुरकुर करत की यजमानांनी घरच्यांसाठी वेगळं ताट वाढून ठेवलंय. १९५९ पासून इंधनाच्या काटकसरीवर आधारलेला आणखी एक निर्देशांक आला.

इथे एक कठीण गोष्ट समोर येते. प्रमाणात न्याय करायचा तर प्रमाण ठरवणारा कोण? १९६२ साली लोटस कंपनीने आपली 'तेवीस' नावाची हलकी गाडी आणली. लहान इंजिनाची असल्याने ती निर्देशांकाची बक्षिसं नेईल अशी चिन्हं होती. तपासनिसांनी हरकत घेतली. पुढचं चाक चार बोल्टांवर, मागचं सहा बोल्टांवर. मग एकच जादा चाक दोन्हीकडे कसं बसणार? लोटसने धावपळ करून मागची चाकंही चार बोल्टांची केली. त्यावर तपासनीस म्हणाले, मुळात सहा लागत होते, म्हणजे चार पुरेसे नाहीत, गाडी धोकादायक आहे. बघा, कसा पेच आहे! बदल केला नाही तर नियमाबाहेर, केला तर असुरक्षित. तर्कशास्त्राच्या वर्गात उभयापत्ती शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. लोटसचे कॉलिन चॅपमन इतके संतापले की कंपनीचा संघ पुन्हा ल मांला आणणार नाही असं त्यांनी जाहीर केलं, आणि हयातभर ते पाळलं.

आता आजची पद्धत बघा. निर्देशांक गेले. त्यांच्या जागी 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स' आला, म्हणजे कामगिरीचा तोल. एकाच गटातल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांपैकी जी फार पळते तिच्यावर वजन चढवायचं, तिची ताकद थोडी कमी करायची. मागे पडते तिला सवलत द्यायची. जुन्या पद्धतीत गाड्या जशा आहेत तशा सोडायच्या आणि निकाल दुरुस्त करायचा. नव्या पद्धतीत आधी गाड्याच दुरुस्त करायच्या आणि निकाल जसा येईल तसा घ्यायचा. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे गट पाडणं. ज्याची त्याची पंगत वेगळी.

असमानतेवरचे हे तीन उपाय झाले, मोजपट्टी बदला, पंगती वेगळ्या करा, किंवा ताकद छाटा. समाजात आपण यापेक्षा वेगळं काही करत नाही. आणि तिन्हींवर आक्षेप आहेत. मोजपट्टीवर लोटसचा आक्षेप आपण पाहिला. तोल साधायला गेलं की चालक आपली खरी ताकद लपवतो, अशी शंका कायम घेतली जाते. आणि पंगतीची रेषा म्हणजे दैवाची रेषा नव्हे. १९९५ साली पाऊस लागून राहिला, वरच्या गटाच्या प्रोटोटाइप गाड्या अडखळल्या आणि जीटी गटातली मॅक्लारेन एफ-वन सगळ्यांच्या पुढे पहिली आली.

इथवर पहिला प्रश्न झाला. आता दुसरा. तो जास्त गंभीर आहे, कारण तिथे बक्षिसाचा नाही, जिवाचा हिशेब आहे.

११ जून १९५५. संध्याकाळचे साडेसहा वाजत आले होते, शर्यत सुरू होऊन अडीच तास झालेले. माइक हॉथॉर्न जॅग्वार घेऊन पुढे होते. त्यांना इंधनासाठी उजवीकडे पिटजवळ थांबायचं होतं. त्या काळी पिट आणि धावता रस्ता यांच्यामध्ये भिंत नव्हती, रस्ताही अरुंद. हॉथॉर्न यांनी लान्स मॅक्लिन यांच्या संथ ऑस्टिन-हीलीला ओलांडलं आणि लगेच ब्रेक लावला. जॅग्वारला डिस्क ब्रेक, गाडी झपकन मंदावली. मॅक्लिन धडक टाळायला डावीकडे वळले. मागून प्रचंड वेगात पिएर लव्हेग यांची मर्सिडीज येत होती. ती ऑस्टिन-हीलीच्या मागच्या उतरत्या भागावर चढली, उडाली, बांधावर आदळून फुटली, आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. लव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मोटार शर्यतींच्या इतिहासातला हा सर्वात भीषण अपघात.

शर्यत थांबवली नाही. लाखो लोक एकदम बाहेर पडले तर रस्ते तुंबून रुग्णवाहिका अडकतील, असं कारण संयोजकांनी दिलं. रात्री मर्सिडीजने आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. हॉथॉर्न आणि त्यांचे जोडीदार आयव्हर ब्यूब जिंकले. स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदी घातली, ती कित्येक दशकं टिकली.

आता एक तपशील नीट ऐका. मर्सिडीजचं इंजिन तीन लिटरच्या जरासं आत, ऑस्टिन-हीलीचं सुमारे २.७ लिटरचं. कागदावर दोन्ही गाड्या एकाच गटात होत्या, ३,००० सीसीपर्यंतच्या. गट एक, पण वेग किती वेगळे! गट पाडल्याने बक्षिसाचा न्याय होईलही कदाचित. रस्त्यावरची असमानता त्याने जात नाही. चौकशीत कुणा एका चालकाला दोषी धरलं गेलं नाही. रस्ताच या वेगांसाठी बांधलेला नव्हता. पुढच्या वर्षीच्या शर्यतीआधी पिटसमोरचा रस्ता रुंद केला गेला, प्रेक्षकांची जागा मागे हटवली गेली.

मग सगळ्यात सोपा उपाय का नाही केला? हळू गाड्या काढून टाका, किंवा त्यांची शर्यत दुसऱ्या दिवशी ठेवा. ही सूचना अवाजवी नाही. २०११ साली अ‍ॅलन मॅकनिश यांची ऑडी पहिल्याच तासात एका जीटी फेरारीला लागून उडाली. रात्री ऑडीची दुसरी गाडीही एका फेरारीला ओलांडताना चक्काचूर झाली. दोन्ही चालक वाचले. २०१२ साली अँथनी डेव्हिडसन यांची टोयोटा अशीच एका जीटीला लागून हवेत उडाली आणि त्यांच्या पाठीचे मणके मोडले. म्हणजे प्रश्न जुना झालेला नाही.

तरीही गट एकत्रच धावतात. एक कारण व्यवहाराचं आहे. हौशी चालक, छोटे संघ यांच्याविना रांग भरत नाही. मोठ्या कंपन्या मनात आलं की येतात, मनात आलं की जातात. दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. या शर्यतीत दुसऱ्याला सांभाळून पुढे जाणं हेच एक कौशल्य होऊन बसलं आहे. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीतला संकेत असा की हळू गाडीने आपली रेघ सोडायची नाही. आडवं जायचं नाही, पण घाबरून मधेच बाजूलाही व्हायचं नाही. वाट शोधायची ती वेगवान गाडीने. का, तर मागून येणाऱ्याला समोरचा पूर्ण दिसतो. समोरच्याला मागचा फक्त आरशात. ज्याला जास्त दिसतं आणि ज्याच्या हातात जास्त ताकद आहे, जबाबदारीचा मोठा वाटा त्याचा.

हा अ‍ॅरिस्टॉटलचाच प्रमाणाचा न्याय आहे, फक्त इथे वाटप बक्षिसाचं नाही, कर्तव्याचं आहे. न्यायाची चर्चा करताना आपण जवळजवळ नेहमी मिळकतीपाशी थांबतो. कुणाला किती मिळावं, गट कोणते, सवलत कुणाला. ते प्रश्न खरेच आहेत. पण सगळी वाटणी चोख झाल्यावरही लहान आणि मोठे रस्त्यावर एकत्रच असतात, आणि १९५५ ची संध्याकाळ सांगते की तिथे मोजपट्टी कामाला येत नाही. तिथे रुंद रस्ता लागतो, मधली भिंत लागते, आणि वेगवान माणसाने पाळायचा संकेत लागतो. एक्स्प्रेसवेवर घाटात ट्रकच्या मागे लागून सारखे दिवे मारणाऱ्याला हा संकेत कुणी शिकवलेला नसतो.

ही शर्यत बहुधा जून महिन्यात होते. कधी पाहिलीत तर पहिल्या गाडीवरून थोडा वेळ नजर काढा आणि रात्री दोन-अडीच वाजता खालच्या गटातली एखादी गाडी निवडून तिच्या मागे राहा. दर काही मिनिटांनी मागून प्रखर दिवे येतील, तिला ओलांडून जातील, आणि ती आपल्या रेघेवर चालत राहील. तिचीही शर्यत चालूच असते, तिच्या गटातल्या पुढच्या गाडीशी.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी आपण कर्तव्याच्या वाटपाचा हाच धागा धरून कांटकडे जाणार आहोत. प्रश्न असतील तर जरूर विचारा.