वास अडवणारा कोळसा

माझा भाचा भोसरी एमआयडीसीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये पत्र्याचे डक्ट बनवतो. रमजानच्या आधी एका रविवारी तो घरी आला, चहा घेतला आणि आमच्या दखनीत म्हणाला, "मामू, एक काम आया है. लेने का के नई?"

काम साधे होते. कोणी एक गिऱ्हाईक आले होते. त्याला एका बंद खोलीसाठी पंखा, डक्ट आणि कार्बन फिल्टर हवा होता. खोलीत काय आहे हे त्याने सांगितले नाही. अट एकच, वास बाहेर जाता कामा नये. पैसे रोख, बिल नको. भाच्याने मोबाईलवर शोधाशोध केली, तेव्हा असे फिल्टर घरात गांजा लावणारे वापरतात हे त्याला कळले. "ते रंगाचं काम करत असतील, केमिकल ठेवत असतील, मला काय माहीत? मी तर फक्त पत्रा वाकवतो," तो म्हणाला. पण झोप लागत नव्हती, म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मी मुफ्ती नाही, वकीलही नाही. इतिहास वाचणारा माणूस आहे. त्यामुळे त्याला उत्तर देण्याआधी मी या तीन गोष्टींचा, म्हणजे कोळशाचा, त्या झाडाचा आणि वासाचा, इतिहास चाळत बसलो. त्यातून जे हाती लागले ते इथे लिहितो.

आपल्या पट्ट्याला कोळशाची ओळख जुनी आहे. 1660 साली शाईस्तेखानाने चाकणचा संग्रामदुर्ग वेढला. फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला, बुरूज उडाला आणि किल्ला पडला. त्या सुरुंगाच्या दारूत सोरा होता, गंधक होते आणि लाकडाचा कोळसा होता. मोगलांच्या फौजेतही आणि मराठ्यांच्या किल्ल्यातही ही दारू एकाच कृतीने बनत असे. कोळसा कोणाची बाजू घेत नाही, हे मला पहिल्यांदा तिथे दिसले.

कोळशाचा दुसरा गुण युरोपातल्या रसायनतज्ज्ञांनी अठराव्या शतकात नीट तपासला. 1773 मध्ये शीलेने पाहिले की कोळसा वायू धरून ठेवतो. 1785 मध्ये लोविट्झने पाहिले की गढूळ रंगाचे द्रावण कोळशातून गाळले तर रंग जातो. साखर कारखान्यांनी ही युक्ती लगेच उचलली. एकोणिसाव्या शतकात साखर पांढरी करायला जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरू लागले. स्वदेशीच्या चळवळीत विलायती साखरेवर जो बहिष्कार पडला, त्यामागे हे हाडांचे कारणही होते. हिंदूंना गाईच्या हाडाची शंका, मुसलमानांना डुकराच्या. एकाच गोणीपासून दोघेही लांब राहिले.

हवेतला वास कोळशाने अडवायचा, ही कल्पना प्रत्यक्षात आणली स्कॉटिश रसायनतज्ज्ञ जॉन स्टेनहाउस याने. 1854 मध्ये लंडनच्या मॅन्शन हाउसमधल्या न्यायदानाच्या दालनात दुर्गंधी येत असे. स्टेनहाउसने तारेच्या दोन जाळ्यांमध्ये कोळशाचा थर भरून तो हवेच्या वाटेत बसवला. आज माझा भाचा जी वस्तू बनवणार होता तिची आजी तीच. मधल्या काळात फरक पडला तो कोळशात. वाफेच्या साहाय्याने आठशे-नऊशे अंश तापवून त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडतात, तेव्हा त्याच्या एका ग्रॅमच्या आतले पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास जाते. वासाचे रेणू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून राहतात. कोळसा वास नष्ट करत नाही, आपल्यापाशी धरून ठेवतो. छिद्रे भरली की वास पुन्हा बाहेर पडू लागतो. या कामासाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा उत्तम मानतात, आणि तो मोठ्या प्रमाणावर दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत बनतो.

या कोळशाने माणसांचे प्राण वाचवले, तो काळ पहिल्या महायुद्धाचा. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन सोडला. त्या ढगापुढे जे उभे होते त्यांत फ्रेंच फौजेतले अल्जेरियन सैनिक होते, म्हणजे बरेचसे आपले धर्मबांधव. चार दिवसांनी, 26 एप्रिलला, हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन त्याच भागात हल्ल्याला गेली. तीत जमादार मीर दस्त हा आफ्रिदी पठाण होता. वायूने स्वतः बेजार झालेला असतानाही त्याने आठ अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण फुप्फुसे पुन्हा पहिल्यासारखी झाली नाहीत. त्या दिवशी या माणसांजवळ ओल्या फडक्यापलीकडे काही नव्हते. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्कीने कोळशाचा मुखवटा तयार केला, आणि 1916 मध्ये इंग्रजांच्या फौजेला कोळशाचे दाणे भरलेली डबी असलेला मुखवटा मिळाला. 1918 मध्ये अमेरिकेत लोकांनी मुखवट्यांसाठी पीचच्या बिया आणि करवंट्या गोळा करून दिल्या. मीर दस्तच्या कामाला मात्र त्यातले काहीच आले नाही.

आता त्या झाडाकडे येऊ. गांजा म्हटले की आज आपल्याला पोलिसांची धाड आठवते, पण महाराष्ट्रात हे पीक एके काळी परवान्याने, उघड्या शेतात, सरकारला महसूल देत उभे असे. मुंबई इलाख्यात त्याची लागवड प्रामुख्याने अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात होई. 1893 मध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला आणि सरकारने एक आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, एकूण सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. तिघांत मुसलमान एकही नव्हता. आयोगाने हिंदुस्थानभर फिरून 1,193 साक्षीदारांची मते घेतली आणि 1894 मध्ये जाडजूड खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा की माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, अतिरेक वाईट, संपूर्ण बंदी नको, कर आणि परवाने हवेत. यात सरकारचा महसूल सुरक्षित राहिला, हेही विसरू नये.

त्याही आधीचा एक साक्षीदार म्हणजे गोव्यातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात भांगेवर एक प्रकरण आहे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाचे बोलणे त्यात आले आहे: रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान, अरबस्तान असा प्रवास करायचा झाला तर थोडी भांग पुरते. आपल्या दरबारांत हे चालत होते. बाबराच्या आत्मचरित्रात माजूमचे उल्लेख वारंवार येतात. फकिरांच्या काही पंथांतही चिलीम फिरत असे. आपल्याकडे हे कधी नव्हतेच, असे म्हणण्यात अर्थ नाही.

आणि आपल्याकडे याला मान्यता होती, असे म्हणण्यातही अर्थ नाही. कुराणात हशिशचे नाव नाही, म्हणून तेराव्या-चौदाव्या शतकात उलेमांना प्रश्न पडला. इब्न तैमियांनी तिला कडक शब्दांत हराम ठरवले. कैरोच्या जरकशींनी तर तिच्या हराम असण्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुढच्या हनफी उलेमांचे मतही तेच झाले. फ्रान्झ रोझेन्थाल यांनी 1971 मध्ये या साऱ्या वादाचा इतिहास लिहिला. तो वाचताना दिसते की वाद प्रामुख्याने शिक्षेबद्दल होता: दारूइतकी हद लावायची की काजीवर सोडायचे. बुद्धी झाकणारी चीज चांगली की वाईट, यावर मतभेद थोडे होते.

स्वतंत्र भारतात 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूबरोबर भांग-गांजाही कक्षेत घेतला. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर जगभर फास आवळला आणि 1985 मध्ये आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला. त्यात पान आणि फूल वेगळे केले आहे. नुसती पाने व्याख्येबाहेर, फुलोरा मात्र गांजा. विनापरवाना झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. नगरच्या शेतात जे परवान्याने पिकत होते, ते आता खोलीत दडवावे लागते.

वास हा प्रश्न इथे सुरू होतो. उघड्या शेतात वासाची कोणाला फिकीर नव्हती. अमेरिकेत 1983 पासून कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत हेलिकॉप्टरने पिके शोधणे सुरू झाले, तेव्हा अधिकाधिक पीक छपराखाली गेले. पण फुलोऱ्याचा वास भिंतीला जुमानत नाही. त्यात टर्पिन जातीची सुगंधी द्रव्ये असतातच, शिवाय गंधकयुक्त संयुगे असतात, ज्यांचा अगदी सूक्ष्म अंशही नाकाला कळतो. हे 2021 मध्ये रसायनतज्ज्ञांनी दाखवले. म्हणजे वास हाच पुरावा झाला. 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला ठरवावे लागले की पोलिसांनी घराच्या दाराशी कुत्रा आणून हुंगवणे ही झडती आहे की नाही. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, झडतीच. उलट कॅनडात ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे, आणि तिथे परवानाधारकाने वास बाहेर जाऊ नये म्हणून हवा गाळलीच पाहिजे, असा नियम आहे. कोळसा तोच, डबा तोच. तिथे शेजाऱ्याच्या सोयीसाठी लावायचा, इथे शेजाऱ्याला कळू नये म्हणून.

शेजारी आणि वास यांबद्दल आपल्या परंपरेत बरेच काही आहे. कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. चाकणच्या कांदा बाजारात हमाली करून जुम्याला धावत येणाऱ्या आपल्या भावांना ती चांगली ठाऊक असते. हजरत उमर यांनी पुढे सांगितले की खायचेच असेल तर शिजवून वास मारून खा. कांदा हराम नाही. दुसऱ्याला त्रास नको, एवढेच. उस्मानी साम्राज्यात 1869 ते 1876 या काळात अहमद जेवदेत पाशा यांच्या देखरेखीखाली मजल्ला ही कायद्याची संहिता तयार झाली. तिच्या 1200 व्या कलमात शेजाऱ्याला होणारा मोठा त्रास दूर केलाच पाहिजे असे सांगून उदाहरणे दिली आहेत: घराशेजारी लोहाराची भट्टी, भट्टीचा धूर, तेलाच्या घाणीचा वास. फाउंड्री आणि पेंट शॉप यांच्या मधोमध राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कलम कालच लिहिल्यासारखे वाटावे. या सगळ्यात वास अडवणे म्हणजे शेजाऱ्याचा हक्क पाळणे.

मग भाच्याला काय सांगायचे? फिकहमध्ये त्याच्याच प्रश्नाची जुनी आवृत्ती आहे. जो दारू बनवणार हे माहीत आहे त्याला द्राक्षाचा रस विकावा का? मरगीनानींच्या हिदायात, म्हणजे बाराव्या शतकातल्या हनफी ग्रंथात, इमाम अबू हनीफांचे मत दिले आहे की हरकत नाही. कारण गुन्हा रसात नाही, रस बदलल्यावर येतो. फितन्याच्या काळात हत्यार विकणे मात्र वेगळे, कारण ते जसे आहे तसेच गुन्ह्यात वापरले जाते. इमामांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांना रस विकणेही पसंत नव्हते. मालिकी आणि हंबली उलेमांनी तर ते सरळ नाकारले.

मी हे सगळे भाच्याला सांगितले. त्याने एकच विचारले, "मामू, हा फिल्टर रस आहे की हत्यार?"

तो प्रश्न ऐकून मी जरा थांबलो. रस बदलावा लागतो. फिल्टर बदलावा लागत नाही, लावला की त्या क्षणापासून तो लपवण्याच्याच कामाला लागतो. पण खोलीत खरेच रंगकाम असेल तर तोच फिल्टर शेजारच्या पोरांची छाती वाचवेल. फरक वस्तूत सापडत नाही, त्यामुळे माणसाला विचारावे लागते. मी म्हणालो, "बिल घे म्हणावं, पत्ता दे म्हणावं, आणि बसवायला मी स्वतः येतो म्हणून सांग. लपवायचं काही नसेल तर तो हो म्हणेल."

त्याने तसेच सांगितले. गिऱ्हाईक "कल फोन करता हूँ" म्हणून गेले ते पुन्हा आले नाही. कदाचित दुसरीकडे स्वस्तात मिळाले असेल. कदाचित काम खरेच रंगाचे असेल आणि त्याला जीएसटी चुकवायचा असेल, मी त्याच्यावर आळ घेणार नाही. भाच्याचे मात्र आठवड्याच्या मजुरीइतके पैसे गेले, आणि त्या महिन्यात त्याच्या धाकटीची शाळेची फी भरायची होती. ती आम्ही घरातल्यांनी मिळून भरली. ज्या घराला असा मामू नाही, तिथल्या पोराने काय करावे, हे मी अजून कोणाला विचारलेले नाही. जुम्यानंतर मशिदीत चार माणसे थांबतात, त्यांच्यापुढे हा विषय काढायचे ठरवले आहे.