धाटावच्या रंगाचे मालक

रोह्याला लागून असलेल्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्ये बनवणारे दोन मोठे कारखाने आहेत. एक पुण्याच्या सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीजचा. दुसऱ्याच्या फाटकावर कलर-केम, क्लॅरियंट आणि हॉयबाख अशी तीन नावे एकामागून एक लागली. बाजारात हे दोघे परस्परांचे स्पर्धक होते. मार्च २०२५ मध्ये दोघांचा मालक एकच झाला, आणि विकत घेणारा होता तो पुण्याचा.

रासायनिक कारखान्याला जागेपेक्षा पाणी जास्त लागते. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर आटतात, पण कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते. टाटांच्या भिरा जलविद्युत केंद्रातून १९२७ पासून वीज तयार होते. या केंद्रासाठी मुळशीच्या धरणातले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणले जाते आणि टर्बाइन फिरवून झाल्यावर ते कुंडलिकेत सोडले जाते. एरवी हे पाणी पूर्वेला भीमेकडे गेले असते. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. मावळच्या शेतकऱ्यांच्या बुडालेल्या जमिनींवर रोह्याची कारखानदारी उभी आहे, हे रोह्यात फारसे कोणी बोलत नाही. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे धाटावला वसाहत आली. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. कारखान्यांतून बाहेर पडणारे पाणी अखेर याच नदीच्या खाडीकडे जाते. खाडीतल्या मासेमारांची तक्रार वसाहतीइतकीच जुनी आहे.

सुदर्शनची स्थापना १९५१ मध्ये पुण्यात झाली. कंपनी राठी कुटुंबाची. रोह्याचा कारखाना १९७३ चा. रंगद्रव्य पाण्यात वा तेलात विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म कण शाईत, प्लास्टिकमध्ये किंवा ऑइलपेंटमध्ये पसरून राहतात. कापड रंगवणारा रंग विरघळतो, हा दोघांतला मूळ फरक. ॲझो प्रकारची पिवळी आणि तांबडी द्रव्ये बनवताना पहिली क्रिया शून्य ते पाच अंश सेल्सिअसच्या आसपास चालते, म्हणून टाकीत बर्फ टाकतात. मग दुसऱ्या द्रावणाशी संयोग होऊन रंग तळाशी बसतो, फिल्टर प्रेसमध्ये त्याचा लगदा होतो, तो ड्रायरमध्ये वाळवून दळतात. कसब शेवटच्या टप्प्यात असते: आजच्या घाण्याची छटा कालच्या घाण्याशी जुळली पाहिजे. छपाईवाला किंवा पेंटवाला पुरवठादार सहजी बदलत नाही, त्यामागे हे कारण आहे. रंगद्रव्याच्या व्यापारनावाला किंमत येते तीही त्यामुळेच.

कलर-केमची वंशावळ जास्त गुंतागुंतीची आहे. ही कंपनी १९५६ मध्ये बायर आणि हेक्स्ट या जर्मन कंपन्यांच्या सहकार्याने निघाली. तिचा जुना कारखाना ठाण्याजवळ बाळकुमला होता, नंतर धाटावचा आला. हेक्स्ट म्हणजे फ्रँकफुर्टजवळ १८६३ मध्ये सुरू झालेला रंगांचाच कारखाना. हन्सा यलो हे प्रसिद्ध पिवळे रंगद्रव्य तिथले. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीने आपला रसायन विभाग वेगळा काढून क्लॅरियंट स्थापन केली. १९९७ मध्ये क्लॅरियंटने हेक्स्टचा विशेष रसायनांचा व्यवसाय घेतला. खुद्द हेक्स्ट १९९९ मध्ये फ्रान्सच्या रोन-पूलँकशी एक होऊन ॲव्हेंटिस या औषध कंपनीत विरून गेली. इकडे २००६ मध्ये क्लॅरियंटच्या भारतातल्या कंपन्या कलर-केममध्ये विलीन झाल्या आणि तिचे नाव क्लॅरियंट केमिकल्स (इंडिया) झाले. नाव बदलले तरी होस्टापर्म, नोव्होपर्म ही हेक्स्टच्या काळातली व्यापारनावे चालूच राहिली, कारण ग्राहक त्या नावांनीच माल मागत.

बाकीच्या जगातही हेच चालले होते. स्वित्झर्लंडची सिबा २००९ मध्ये बीएएसएफकडे गेली. बीएएसएफने आपला रंगद्रव्य व्यवसाय २०२१ मध्ये जपानच्या डीआयसीला विकला. याच डीआयसीचा सुदर्शनमध्ये बरीच वर्षे अल्प हिस्सा होता.

धाटावच्या कारखान्यात काम करणाऱ्या फिटरच्या हातातले बॅटरीवरचे ड्रिलही याच वाटेने आले आहे. बॅटरीचे पहिले ड्रिल ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये बाजारात आणले. डिवॉल्ट त्यांनी १९६० मध्येच विकत घेतली होती. २०१० मध्ये ब्लॅक अँड डेकर स्टॅनलीशी एक झाली, तेव्हा दुकानातल्या फळीवर शेजारी मांडलेल्या तीन नावांचा मालक एकच ठरला. अमेरिकेची मिलवॉकी आणि जर्मनीची एईजी ही अवजारे २००५ मध्ये हाँगकाँगच्या टेकट्रॉनिक इंडस्ट्रीजने स्वीडनच्या ॲटलास कॉप्कोकडून घेतली. हिताची कोकी २०१७ मध्ये केकेआर या गुंतवणूक संस्थेकडे गेली आणि पुढच्या वर्षी तिची यंत्रे हायकोकी नावाने विकली जाऊ लागली. नाव विकले गेले नाही ते बॉश आणि मकिटाचे. बॉशचे बहुतांश भाग एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहेत, आणि नागोयात १९१५ मध्ये विजेच्या मोटरांच्या दुरुस्तीपासून सुरू झालेली मकिटा स्वतंत्र आहे. महाराष्ट्रात मुलुंडची रॅलीवुल्फ आणि शिरोळची कुलकर्णी पॉवर टूल्स ही नावे जुन्या फिटरांना पाठ असत. ती यंत्रे तारेवर चालणारी.

पेण ते रोहा या पट्ट्यात अशी उदाहरणे आणखीही सापडतात. पेण तालुक्यातल्या डोलवीचा इस्पात कारखाना २०१० मध्ये जिंदालांच्या जेएसडब्ल्यूकडे गेला. नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल सरकारी आयपीसीएलचे होते. २००२ मध्ये ते रिलायन्सच्या ताब्यात आले. पेणच्या गणेशमूर्तींचा धंदा मात्र वेगळा. तिथे ख्याती ‘पेण’ या गावाच्या नावाची, आणि ती पेण, हमरापूर, जोहे इथल्या असंख्य कारखान्यांत वाटलेली. ते नाव कोणाला विकत घेता येत नाही.

धाटावची शेवटची उलथापालथ २०२२ मध्ये सुरू झाली. क्लॅरियंटने रंगद्रव्यांचा व्यवसाय जर्मनीची हॉयबाख आणि अमेरिकेची एसके कॅपिटल ही गुंतवणूक संस्था यांना विकला व स्वतःकडे २० टक्के हिस्सा ठेवला. हॉयबाख हे दोनशे वर्षांचे कौटुंबिक घराणे. स्वतःहून मोठा व्यवसाय पोटात घेणे त्याला झेपले नाही. युरोपात ऊर्जा महागली, मागणी घटली, कर्जाचा बोजा राहिला. एप्रिल २०२४ मध्ये समूहाने जर्मनीत दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑक्टोबरमध्ये सुदर्शनने १२ कोटी ७५ लाख युरोंना, म्हणजे सुमारे १,१८० कोटी रुपयांना, हा समूह घेण्याचा करार जाहीर केला. क्लॅरियंटने विकताना तिच्या एकट्या रंगद्रव्य व्यवसायाचे मूल्य ८० कोटी स्विस फ्रँकपेक्षा जास्त धरले गेले होते. व्यवहार ३ मार्च २०२५ रोजी पूर्ण झाला. त्याबरोबर हॉयबाखच्या भारतीय कंपनीचे सुमारे ५४ टक्के भाग सुदर्शनकडे आले, आणि पुढे तिचे नाव सुदर्शन कलरंट्स इंडिया असे झाले. हेक्स्टच्या काळातली व्यापारनावेही याच व्यवहारात पुण्याच्या मालकीची झाली.