हसू आलं नाही, तर ती विनोदी मालिका कशी?

माझा पीएचडीचा विषय म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या दूरदर्शनच्या घरगुती मालिका. तो सांगितला की समोरच्याच्या तोंडी पहिलं नाव बहुतेकदा ‘वागले की दुनिया’चं येतं, आणि पाठोपाठ एक वाक्य: ‘पण ती तशी फार विनोदी नव्हती हं.’ गंमत अशी की हे तक्रारीच्या सुरात कुणी म्हणत नाही. मालिकेची नोंद विनोदी म्हणून, लोकांना फारसं हसू आल्याचं आठवत नाही, आणि तरी ती आवडती. हे कोडं सोडवायला मला अख्खा एक चॅप्टर लागतोय. त्याचा गाभा आज तुम्हाला साध्या भाषेत सांगतो.

त्यासाठी ‘वागले’च्या चार वर्षं मागे जावं लागेल. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. तिची जन्मकथा अनेकांना माहीत असेल: तेव्हाचे माहिती आणि प्रसारण मंत्री वसंत साठे मेक्सिकोला गेले होते. तिथे दूरचित्रवाणी मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा प्रचार होतो हे त्यांनी पाहिलं आणि तसं काहीतरी इथे करावं असं ठरलं. मनोहर श्याम जोशी यांनी लेखन केलं. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येत आणि झालेल्या प्रसंगातून काय घ्यायचं ते आपल्याशी बोलत. सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा डोस इतका होता की प्रेक्षक कंटाळले. मग तो पातळ करावा लागला आणि त्यानंतरच मालिका घराघरांत पोचली.

हे तपशील मुद्दाम देतोय. सरकारी वाहिनीवर साधा, कमी पगाराचा माणूस दाखवायचा म्हटलं की त्याला काहीतरी शिकवायचं, हे तेव्हा जवळजवळ गृहीतच होतं. दारू सोडा, मुलं कमी, मुलींना शिकवा. सगळं बरोबरच, पण तो माणूस पडद्यावर येतो तोच मुळी धड्यातलं उदाहरण म्हणून.

आता दोन दारुडे शेजारी-शेजारी ठेवून बघा. ‘हम लोग’मधले बसेसर राम (विनोद नागपाल यांनी केलेले) आणि १९८६ मधल्या ‘नुक्कड’मधला खोपडी (समीर खक्कर). व्यसन तेच. बसेसर राम दिसले की घराचं काय होणार ही काळजी सुरू होते, आणि ती व्हावी म्हणूनच ते पात्र आहे. खोपडी त्या कोपऱ्यावरचाच एक. सायकल दुरुस्त करणारा हरी, इलेक्ट्रिशियन गुरू, हॉटेलवाला कादर यांच्यातला. तो झोकांड्या खात येतो, काहीतरी बरळतो, आपल्याला किंचित हसू येतं. त्या हसण्यामुळे एक गोष्ट घडते: आपण त्याचा निवाडा करायचं थांबवतो. ‘नुक्कड’ उपदेशापासून पूर्ण सुटलेली आहे असं मी म्हणणार नाही. पण खोपडीच्या वाट्याला तो उपदेश कमी आणि सोबत जास्त आली. माझ्या मते लोकांच्या लक्षात तो राहिला तो याच कारणाने.

‘नुक्कड’च्या दिग्दर्शकांपैकी एक कुंदन शाह, दुसरे सईद अख्तर मिर्झा. कुंदन शाह म्हणजे ‘जाने भी दो यारो’वाले (१९८३). पोट धरून हसवणं त्यांना जमत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. महाभारताच्या नाटकात प्रेत घुसवणारा हा माणूस! म्हणून १९८८ मध्ये त्याने ‘वागले की दुनिया’ इतकी हळू आवाजात केली, ती उणीव म्हणून नव्हे, ठरवून केली असंच मानावं लागतं.

या मालिकेच्या मुळाशी आर. के. लक्ष्मण. (वागळेंचे ‘वागले’ झाले ते अर्थात हिंदीत गेल्यामुळे. ‘ळ’ बिचारा वाटेत गळला.) १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त उभा असलेला त्यांचा कॉमन मॅन तुम्ही पाहिलाच आहे. धोतर, चौकडीचा कोट, चष्मा. तो बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो विनोदही करत नाही, याकडे आपलं लक्ष जात नाही. विनोद मंत्र्याच्या वाक्यात असतो, साहेबाच्या टेबलावर असतो. हा फक्त तिथे हजर असतो. माझं वाचन असं आहे की श्रीनिवास वागळे म्हणजे याच माणसाला वाचा, बायको आणि नोकरी दिली तर जे होईल ते. तोही विनोद करत नाही, तो आपला दिवस काढतो. अंजन श्रीवास्तव स्वतः बँकेत नोकरी करणारे नट. नोकरदाराचं ते किंचित वाकून बोलणं, आवाज चढवायच्या आधीच उतरवणं, त्यांना शिकावं लागलं नसणार. समोर भारती आचरेकर. त्यांच्या राधिकाचा एक ‘बरं’सारखा चेहरा अख्ख्या संवादाचं काम करतो.

मराठी प्रेक्षकाला हा प्रकार नवा नव्हता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ येऊन गेली होती. चिं. वि. जोशींचे चिमणराव आपण विनोदी आहोत हे जाणतच नाहीत. दिलीप प्रभावळकरांनी ते तसेच केले, बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊंसोबत. पण चिमणरावांची फजिती आपल्याला हसवते. वागळेंची फजिती बघताना हसू येता येता थांबतं, कारण तो महिनाअखेर आपल्याही घरात असतो.

मग विनोद लागतो की नाही? तुम्ही म्हणाल, ‘संथ आहे, हसू येत नाही, म्हणून वास्तववादी’ ही तर पळवाट झाली. मान्य. कंटाळवाण्या कित्येक मालिका याच छत्रीखाली उभ्या राहतात. मी स्वतःपुरती एक चाचणी वापरतो. मालिकेतून हसू काढून टाकायचं आणि काय उरतं ते बघायचं. निव्वळ चुटक्यांच्या मालिकेत काहीच उरत नाही. ‘वागले’मधून ते काढलं तर एका कारकुनाच्या ओढाताणीची बऱ्यापैकी उदास गोष्ट उरते, आणि तिच्या शेवटी कुणीतरी येऊन बोध सांगायला जागा तयार होते. ते थोडंसं हसू तिथे असतं तोवर ती जागा भरलेली असते.

अशीच काढ-घाल एका मालिकेवर प्रत्यक्षात झालेली आहे. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची अमेरिकन मालिका ‘मॅश’ (१९७२ ते १९८३). मालिका करणाऱ्यांना मागून वाजणारं रेकॉर्ड केलेलं हसणं नको होतं, सीबीएस वाहिनीला ते हवंच होतं. तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या प्रसंगात हसणं वाजवायचं नाही. पण ब्रिटनमध्ये बीबीसीने ती मालिका हसण्याविनाच दाखवली. संवाद तेच, नट तेच. फक्त कुठे हसायचं हे एका देशात वाहिनी सांगत होती आणि दुसऱ्या देशात प्रत्येक घर आपापलं ठरवत होतं. ते मागचं हसणं आणि अशोक कुमारांचं समारोपाचं बोलणं यांत मला फार फरक दिसत नाही, हे मी गाईडना सांगितलं तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. तरी तो परिच्छेद मी ठेवलाय.

२०२१ मध्ये सब वाहिनीवर वागळे परत आले. सुमीत राघवन मुलाच्या भूमिकेत, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आता आजी-आजोबा. फरक पहिल्यांदा जाणवतो तो वेगाचा. जुनी मालिका आठवड्यातून एकदा यायची, ही रोज. रोज यायचं तर रोज काहीतरी घडावं लागतं, आणि घडलेल्याचा अर्थही त्याच दिवशी लावून द्यावा लागतो. तिचे भाग बघताना मी वहीत दोन रकाने आखतो. एक हसू आलं त्यासाठी, दुसरा एखादं पात्र समोरच्याला समजावून सांगायला लागलं त्यासाठी. सध्या तरी दुसरा रकाना लवकर भरतोय.