‘गेमरगेट’ : एका नावाची चिकित्सा

ऐतिहासिक घटनेला पडलेले नाव पुष्कळदा त्या घटनेतील एका पक्षानेच दिलेले असते. अमेरिकेत २०१४ साली व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातील स्त्रियांचा जो जाहीर छळ झाला, त्यास रूढ झालेले ‘गेमरगेट’ हे नाव याच प्रकारचे होय.

यातील ‘गेट’ हे उत्तरपद वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीच्या नावातून आले. १९७२ साली तेथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत झालेल्या घरफोडीनंतर ते मूळ नावापासून सुटले आणि ‘दडपलेले गैरकृत्य’ या अर्थाचा जणू प्रत्ययच बनले. २७ ऑगस्ट २०१४ रोजी अभिनेता अ‍ॅडम बाल्डविन याने ट्विटरवर तो ‘गेमर’ या शब्दास जोडला. या जोडणीत आरोप सिद्धच धरलेला होता. आरोप करणारा आपोआप शोधक ठरला.

आरोप तरी कोणता? झोई क्विन यांच्या पूर्वीच्या प्रियकराने त्याच महिन्यात एक प्रदीर्घ मजकूर प्रसिद्ध केला. त्यावरून, क्विन यांनी आपल्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’ या खेळाचे अनुकूल परीक्षण एका पत्रकाराकडून मिळवले, असा बोभाटा झाला. वस्तुतः त्या पत्रकाराने या खेळाचे परीक्षण लिहिलेच नव्हते. तथापि ‘पत्रकारितेतील नीती’ हे घोषवाक्य टिकून राहिले. ठार मारण्याच्या धमक्या आल्या, घर सोडावे लागले, ते मात्र क्विन यांना. पत्रकारितेच्या नीतीची चाड असणाऱ्यांनी पत्रकारास सोडून खेळ रचणाऱ्या व्यक्तीस धरावे, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

‘गेमर’ हे पूर्वपदही निरुपद्रवी नव्हे. त्याच वर्षीच्या अमेरिकी उद्योग-संघटनेच्या अहवालात खेळणाऱ्यांपैकी ४८ टक्के स्त्रिया होत्या. शब्दावर हक्क सांगणाऱ्यांच्या लेखी मात्र त्या परक्याच होत्या.

या नावाने आणखी एक भ्रम रुजविला, तो म्हणजे छळाचा आरंभ २०१४ मध्ये झाला हा. अनिता सार्कीसियन यांनी २०१२ सालीच व्हिडिओ गेममधील स्त्रीचित्रणावर चित्रफीत-मालिका काढण्यासाठी सहा हजार डॉलरांची वर्गणी मागितली होती. मालिका निघण्यापूर्वीच त्यांच्यावर शिव्या-धमक्यांचा वर्षाव झाला; त्यांच्या छायाचित्रावर ठोसे मारण्याचा एक ‘खेळ’ही कोणी तयार केला. (वर्गणी मात्र दीड लाख डॉलरांवर गेली.) तेव्हा पत्रकारितेचा प्रश्न कोणी काढला नव्हता. घोषवाक्य नंतरचे, छळ आधीचा, हा क्रम ध्यानात घेतल्यावाचून या प्रकरणाचा उलगडा होत नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये सार्कीसियन यांचे यूटा स्टेट विद्यापीठात व्याख्यान ठरले होते. ते झाल्यास श्रोत्यांवर गोळीबार करू, असे निनावी पत्र आले. १९८९ साली माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चौदा स्त्रियांची हत्या करणाऱ्याचा दाखला त्यात होता. यूटाच्या कायद्यानुसार परवानाधारकांस सभागृहात शस्त्र आणण्यास मनाई करता येत नव्हती. सार्कीसियन यांनी व्याख्यान रद्द केले.