डिझाइन बघून लोकांना काय वाटतं, हे कसं तपासायचं? रिॲक्शन कार्ड्सची पद्धत

‘स्क्रीन कशी वाटली?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘छान आहे.’ बनवणारा समोर बसलेला असताना तोंडावर वाईट कोण बोलणार? ॲप वापरता येतं का, हे मोजणं त्यामानाने सोपं. कोण कुठे अडकलं, किती सेकंद लागले, ते दिसतं. पण रंग, अक्षरं, चित्रं बघून मनात काय आलं, ते काढून घ्यायला वेगळी युक्ती लागते.

मायक्रोसॉफ्टमधल्या जोई बेनेडेक आणि ट्रिश माइनर यांनी २००२ मध्ये अशी एक युक्ती मांडली. ११८ कार्डं, प्रत्येकावर एक शब्द: विश्वासार्ह, कंटाळवाणं, ताजं, गोंधळात टाकणारं वगैरे. डिझाइन दाखवायचं, लागू पडतील ती कार्डं उचलायला सांगायची, त्यातली पाचच ठेवायला लावायची आणि मग प्रत्येकाचं कारण विचारायचं. साधारण ४० टक्के शब्द मुद्दाम नकारात्मक किंवा तटस्थ ठेवले होते. ‘कंटाळवाणं’ हे कार्ड समोर पडलेलंच असलं की ते उचलायला संकोच कमी वाटतो.

खरा माल त्या ‘का?’मध्ये असतो. हे मी एका पतसंस्थेच्या ॲपवर काम करताना शिकलो. गडद जांभळी पार्श्वभूमी, सोनेरी रेघा. आमची टीम खूश. १२ खातेदारांना कार्डं दिली, तर सात जणांनी ‘महागडं’ उचललं. आम्हाला वाटलं, वा, प्रीमियम लुक जमला! मग कारणं ऐकली. एक काकू म्हणाल्या, ‘इथे चार्जेस कापत असतील.’ दुसरे एक जण म्हणाले, ‘हे आपल्यासारख्यांसाठी नाही.’ नुसते आकडे मोजून थांबलो असतो, तर तेच डिझाइन लाँच झालं असतं. आम्ही पांढरी पार्श्वभूमी घेतली, पासबुकाचा निळा रंग आणला, शिल्लक रक्कम मोठ्या देवनागरी आकड्यांत दाखवली. नव्या १२ जणांत ‘महागडं’ एकदाच आलं. ‘जुनाट’ मात्र चार वेळा आलं. ते आम्ही चालवून घेतलं, कारण पैसे ठेवायच्या जागी जुनाट परवडतं.

कार्डांचं शब्दशः भाषांतर करू नका. माझं ‘मैत्रीपूर्ण’ हे कार्ड कोणी हातात घेतलं नाही. ‘आपलंसं’ लिहिल्यावर उचललं जाऊ लागलं. ११८ शब्द वाचून माणूस दमतो, मी २५च्या आसपास ठेवतो. आणि १२ जणांची टक्केवारी काढून स्लाइडवर टाकू नका, प्लीज.

कार्डं ॲप वापरायच्या आधी द्यायची की नंतर? दिसण्याबद्दलचं मत हवं असेल तर आधी. ओटीपी आला नाही, की त्याचा राग रंगांवरही निघतो. पहिलं मत बनायला वेळ लागतच नाही: लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ५० मिलिसेकंद दिसलेल्या वेब पानांना मिळालेले आकर्षकतेचे गुण, ५०० मिलिसेकंदांनंतरच्या गुणांशी बरेच जुळले होते. म्हणून मी स्क्रीन पाच सेकंद दाखवून झाकतो आणि लगेच कार्डं पुढे करतो. डिझाइनरला तेवढा वेळ चहाला पाठवतो.