कवटी, मुंडमाळ आणि माया

मुळशी तालुक्यात गेलेल्या माणसाची आठवण दगडात कोरून ठेवण्याची रीत जुनी आहे. पौड खोऱ्यात काय किंवा कोळवण खोऱ्यात काय, देवळाच्या आवारात, पाराला टेकलेले, कुठे अर्धे मातीत रुतलेले वीरगळ दिसतात. गेली वीसेक वर्षे मी ते पाहत, मोजत, टिपत हिंडतो आहे. पुरातत्त्वाची पदवी माझ्यापाशी नाही. जे शिकलो ते दगडांपुढे उभे राहून आणि ग्रंथालयांत बसून. या हिंडण्यात एक गोष्ट मनात घर करून राहिली. मृत्यूची एवढी स्मारके पाहिली, पण त्यांत कवटी कुठे आढळली नाही.

वीरगळाच्या तळच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. त्यावर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्याशी चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात. मेलेला वीरही धडधाकट, जणू झोपलेला. चेहरा मात्र त्याचा स्वतःचा नसतो. शेजारच्या गावचा वीरही तसाच दिसतो. घरच्या देव्हाऱ्यातल्या टाकाचेही तेच. पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेला पूर्वज हा कोणाही घरचा पूर्वज असू शकतो. तो आपला होतो पूजेने आणि नावाने. साचा एक आणि माया वेगळी, ही गोष्ट आपल्याकडे यंत्राच्या फार आधीपासून आहे.

मग कवटी कुठे गेली? ती देवांकडे गेली. भैरवाच्या हातात कपाल आहे, चामुंडेच्या गळ्यात मुंडमाळ आहे. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात मातृकांच्या सोबतीला हाडांचा सापळा झालेला काल कोरला आहे. त्याच्या फासळ्या मोजाव्यात इतक्या स्पष्ट आहेत. माणसाने ज्याची भीती बाळगली ते त्याने देवाच्या अंगावर घातले, एवढाच अर्थ यातून निघतो असे सहसा मानले जाते. पण अमरनाथाच्या कथेत मुंडमाळेचा वेगळा उलगडा आहे. पार्वती शंकराला विचारते, ही माळ कधीपासून घातलीत? तो सांगतो, तू जितक्या वेळा जन्मलीस आणि गेलीस, तितकी मुंडकी तिच्यात ओवली. तो अमर, ती मर्त्य. प्रत्येक विरहाचा एक मणी. भयाचे म्हणून ओळखले जाणारे चिन्ह इथे विधुराने जपलेली खूण होते.

पुराणकथा बाजूला ठेवून जमिनीखाली पाहिले तर आपल्याच जिल्ह्यात याहून हळवा पुरावा आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. तिथे लहान मुलांना दोन मडक्यांत पुरत. मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून ती आडवी ठेवत, आणि खड्डा घेत तो घराच्याच जमिनीत. प्रौढांना पुरताना मात्र अनेकदा घोट्यावरून पाय तोडलेले आढळतात. मृताने उठून जाऊ नये म्हणून, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. मला यात भय दिसते, आणि धरून ठेवण्याची ओढही दिसते. ज्या घरात चूल पेटते त्याच घराच्या भुईत मूल ठेवणारी आई त्याला घराबाहेर काढायला तयार नव्हती, असे मी समजतो.

हाडांशी असलेले हे नाते आता संगणकापर्यंत आले आहे. २०११मध्ये शिकागोचा शिल्पकार जोशुआ हार्कर याने एक कवटी केली. तिचे हाड म्हणजे वेलबुट्टीची जाळी, तारकामासारखी आरपार. ती छिन्नीने कोरलेली नाही आणि साच्यात ओतलेलीही नाही. नायलॉनच्या भुकटीचा पातळ थर पसरायचा, लेझर किरणाने हवा तेवढाच भाग वितळवून जोडायचा, त्यावर पुढचा थर. असे शेकडो थर झाले की उरलेली भुकटी झटकायची आणि आतून शिल्प बाहेर काढायचे. एकमेकांत अडकलेली अशी जाळी साच्यातून सोडवता येत नाही, म्हणून छपाईच हवी. हार्करने लोकवर्गणीतून पैसे उभारले, आणि शिल्पाच्या प्रती वर्गणीदारांच्या घरोघरी गेल्या. मेक्सिकोत होसे ग्वादालुपे पोसादा याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हसऱ्या कवट्यांची चित्रे स्वस्त कागदावर छापली होती. तिथे दिवाळीच्याच सुमारास, नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला, मृतांचा सण असतो आणि साखरेच्या कवट्यांवर जिवलगांची नावे लिहितात. कवटी सर्वांची सारखी; नाव लिहिले की ती आपल्या माणसाची. आपल्या टाकाचाच हा न्याय.

पण छापील कवटी एका ठिकाणी टाकापेक्षा वेगळी आहे. ती ठराविक माणसाचीही असू शकते. हरियाणातील राखीगढी येथे डेक्कन कॉलेज आणि दक्षिण कोरियातील संशोधकांनी मिळून हडप्पाकालीन दफनभूमी उकरली. तिथल्या दोन व्यक्तींच्या कवट्यांचे सीटी स्कॅन करून त्यांचे चेहरे संगणकावर पुन्हा घडवले गेले. २०१९मध्ये ते प्रसिद्ध झाले. साडेचार हजार वर्षांनी दोन माणसांना डोळे, नाक, ओठ परत मिळाले. त्याच दफनभूमीत एका खड्ड्यात तरुण स्त्री-पुरुष शेजारी शेजारी सापडले, पुरुषाचे तोंड स्त्रीकडे वळलेले. अभ्यासकांनी त्यांना जोडपे मानले.

इथे मला खरा प्रश्न दिसतो. स्कॅनची फाइल एकदा झाली की कवटी कितीही वेळा छापता येते. त्याचा लाभ मोठा आहे: मूळ हाडाला हात न लावता विद्यार्थी शिकतात, आणि मूळ हाड झिजले तरी नोंद उरते. पण इनामगावच्या मडक्यातले मूल कोणाचे तरी होते, आणि राखीगढीतली ती मान कोणीतरी मुद्दाम वळवून ठेवली होती. प्रत कपाटात शोभेला ठेवताना ते कोणीतरी विसरले, तर उरेल ती निव्वळ वस्तू. हार्करच्या कवटीवर हा भार नाही, कारण ती कोणाचीच नाही. खऱ्या माणसाची कवटी छापणाऱ्याने मात्र त्याच्या दफनाची हकिकत प्रतीसोबत लिहून द्यावी, असे माझे मत आहे. पुरणाऱ्यांनी त्याला कसे ठेवले, कुठे ठेवले, सोबत काय दिले, एवढे तरी.

मुळशीच्या वीरगळांसाठी मी हेच करू पाहतो आहे. पावसाने आणि रंगाच्या पुटांनी त्यांची नक्षी बुजत चालली आहे. चारी बाजूंनी शेकडो छायाचित्रे घेऊन त्यांचे त्रिमितीय नमुने करता येतात, तसे काही मी केले आहेत. प्रत्येक नमुन्याच्या नोंदीत दगडाच्या मापांबरोबर एक रकाना ठेवला आहे: आज याला शेंदूर कोण लावते, आणि ते याला काय म्हणून हाक मारतात. वीराचे नाव हरवले असले तरी त्या रकान्यात एखाद्या घराचे नाव लिहिता येते.