षट्कर्णी

‘गोष्ट षट्कर्णी होणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. दोघांच्या चार कानांत राहिलेली गोष्ट तिसऱ्याच्या कानी गेली की ती फुटली, असा त्यामागचा हिशेब. हिशेब रास्त आहे; परंतु तो काटेकोरपणे पाळायचा म्हटले, तर अनेकांनी मिळून करावयाचे कोणतेही गुप्त कार्य सुरूच होणार नाही. ही अडचण आम्ही मुंबईतील एका प्रकरणाच्या आधारे मांडू इच्छितो.

बोरिवली-अंधेरीहून चर्चगेटकडे जाणाऱ्यांच्या वाटेवर महालक्ष्मी स्थानक रोज येते. तेथून पश्चिमेला, महालक्ष्मी मंदिराजवळच्या पॅराडाइज बंगल्यात १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला आणि ‘काँग्रेस रेडिओ’ बंद पडला. ‘भारत छोडो’ आंदोलनात नेते तुरुंगात आणि वृत्तपत्रांवर निर्बंध असताना ऑगस्टपासून हे केंद्र ४२.३४ मीटरवर बातम्या देत होते. विदर्भातील आष्टी व चिमूर येथे काय घडले, हेही त्याने लोकांना ऐकवले.

केंद्र चालवणाऱ्यांनी खबरदारी घेतली नव्हती असे नाही. प्रक्षेपणाचा माग काढणाऱ्या पोलिसांना चकवण्यासाठी ते जागा वारंवार बदलत. लॅबर्नम रोड, वाळकेश्वर, गिरगाव असा प्रक्षेपकाचा प्रवास झाला. तथापि जागा बदलता येते, माणूस बदलता येत नाही. प्रक्षेपक घडवायला त्या विद्येचा जाणकार हवा होता आणि असे जाणकार मुंबईत मोजकेच होते. नरीमन प्रिंटर त्यांपैकी एक. त्यांनीच यंत्र उभारले आणि पुढे त्यांनीच दिलेल्या माहितीवरून पोलीस केंद्रापर्यंत पोहोचले.

येथे ‘विश्वासघात’ हा एकच शब्द उच्चारून थांबणे सोपे आहे. आम्हांला मात्र त्याच्या अलीकडची पायरी महत्त्वाची वाटते. उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी ध्येयाने एकत्र आले होते. तंत्रज्ञाची निवड मात्र गरजेने केली होती. एखाद्यावाचून आपले अडते म्हणून त्याला गुपित सांगणे आणि त्याला पारखून सांगणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यवहारात आपण पहिलीलाच विश्वास असे नाव देतो.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. उषा मेहता तेव्हा अवघ्या २२ वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. अटकेनंतर सुमारे सहा महिने त्यांची चौकशी चालली. सहकाऱ्यांची माहिती दिल्यास परदेशी शिक्षणाची सोय करू, असे आमिषही दाखवण्यात आले. त्या बोलल्या नाहीत. न्यायालयात त्यांनी प्रथम विचारले, की उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे काय. तसे नाही, हे कळताच त्यांनी मौन पत्करले. १९४३ मध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. या केंद्राशी निकटचा संबंध असलेले राममनोहर लोहिया मे १९४४ पर्यंत भूमिगत राहू शकले. त्यामागे अनेक कारणे असतील. परंतु अटकेतील एका मुलीकडून त्यांच्याविषयी काही बाहेर पडले नाही, हे त्यांत गौण खचित नव्हे.

म्हणजे गुपित फोडणारा आणि जपणारी, दोघेही एकाच वर्तुळातले. अटकेपूर्वी त्यांच्यातला फरक कोणाला सांगता आला असता? वर्गात हा प्रसंग शिकवताना विद्यार्थी नेमके हेच विचारतात आणि आमच्यापाशी तयार उत्तर नसते. एवढेच म्हणता येते, की कोणावर विश्वास ठेवावा, या प्रश्नाइतकाच कोणाला किती सांगावे, हाही प्रश्न मोलाचा आहे. ज्याला यंत्र ठाऊक असणे भाग आहे, त्याला पत्ताही ठाऊक असलाच पाहिजे काय?

उषा मेहता पुढे प्राध्यापक झाल्या. २००० साली त्यांचे निधन झाले. ज्यांचा आवाज चोरून ऐकला गेला, त्यांच्या मौनाचीही इतिहासाने तेवढीच नोंद घ्यावी, असे आम्हांला वाटते.